दुसऱ्यांदा

शटर अर्धं ओढून
गाद्या भिंतींना टेकवल्या,
कूलर बंद केला.
इर्शादच्या जुन्या लॅपटॉपवर
हिरव्या रेघेत माझी गिटार:
बारीक, उपाशी,
उपटून ठेवलेल्या पऱ्हाटीसारखी.

तोच ट्रॅक कॉपी केला,
एक डावीकडे, एक उजवीकडे.
आवाज वाढला फक्त.
'रिव्हर्ब टाक थोडा,' इर्शाद म्हणाला.
टाकला. विहिरीत पडल्यासारखी वाजली.

शब्बीरचाचा उशीचा अभ्रा शिवत बसलेले,
सुईवरची नजर न काढता म्हणाले,
'एकच रुई दोनदा तोलून
गादी जाड होते काय बापा?
वाजव आणखी एकडाव.'

वाजवली. पहिल्यापासून.
गेन जरा उतरवून,
बोटं तीच, चाल तीच,
तिसऱ्या कॉर्डला मात्र
केसभर उशीर.
ती डाव्या कानात, ही उजव्या,
आणि मधली रिकामी जागा
पिंजल्यासारखी
फुगत गेली.

इर्शादनं हेडफोन
चाचांच्या टोपीवरूनच चढवला.
ऐकता ऐकता त्यांची उजवी मूठ
हवेत ठोके देऊ लागली,
जणू समोर तात टांगलेली आहे.
पिंजायची मशीन आली त्या वर्षी
धनुकली माळ्यावर गेली.

'हा दुसरा पोरगा कोण?'
मीच, म्हटलं.
त्यांना पटलं नाही.

तेवढ्यात थ्री फेज आली.
वडनेरच्या शिवारातल्या सगळ्या मोटारी
एकदम घुमल्या,
पिकअपमध्ये गुणगुण शिरली.
तिसरा ट्रॅक
उद्यावर.