तळं आणि हात

नारिनच्या शाळेत बारा टॅब्लेट आले.
बुरूलकान बाईंनी पासवर्ड कार्डावर लिहिला,
कॅटलॉगच्या खणात नीट लावला,
‘प’खाली की ‘ट’खाली, ते मात्र विसरल्या.

रात्री घरी, चहा गार होईपर्यंत
एकेक बटण दाबून पाहिलं:
हे अक्षर मोठं करतं,
हे पान वाचून दाखवतं.
वाचून दाखवतं!
शाळेत मोठ्यानं वाचणाऱ्या त्या एकट्या,
आणि घसा नोव्हेंबरपासून बसलेला.

सोमवारी चौथीचा वर्ग.
यंत्रातली बाई वाचू लागली,
रशियन वळणाची, इस्त्री केलेली.
किर्गिझमध्ये ‘कोल’ म्हणजे हात;
तोच शब्द जीभ जरा पुढे सरकवून म्हटला, की तळं.
तिची जीभ काही सरकेना.
हिवाळ्यात हात गोठला, ती म्हणाली,
हातावरून घोडे चालत गेले.
हाताखाली मासे झोपले.

मुलं बाकांवरून घरंगळली.
बाईंचं बोट बंद करायच्या बटणावर,
तेवढ्यात नकाशांच्या कपाटाजवळून
तिलेक म्हणाला: तळं.

दोन वर्षं पुस्तकं नेणारा, आणणारा,
काउंटरवर फक्त मान हलवणारा तिलेक.
यंत्र: हात.
तो, आता उभा राहून: तळं.
कान लाल, आवाज घोगरा,
वापर नसलेल्या बिजागरीसारखा.

संध्याकाळी बाईंना सेटिंगमध्ये, फार आत, सापडलं:
उच्चार सुधारायचा का?
त्यांनी ‘नको’ दाबलं,
आणि उद्यासाठी असा धडा शोधू लागल्या
ज्यात तळी पुष्कळ आहेत.