रिकामं अवतरण

रात्रीचे दोन. लष्करात थंडी अशी
की कीबोर्डची बटणंसुद्धा जरा उशिरानं खाली जातात.
पायाशी जुना टॉवर, त्यात बीएसडी,
आणि माझ्या हातात लिनक्सचं एक पॅकेज-हत्यार,
वीस वर्षं एकाच घरात वाढलेलं,
म्हणून जग म्हणजे आपलंच घर असं धरून चालणारं.

आल्या आल्या त्यानं बॅश मागितला,
तोही थेट स्लॅश-बिनमध्ये.
म्हटलं, आहे, पण मागच्या खोलीत, यूझर-लोकलमध्ये.
मग प्रोक मागितलं. ते इथे कोणी माउंटच करत नाही.
मग मेक चालवलं, तर मेकनं ती मेकफाइल
दुसऱ्याचं पत्र चुकून उघडावं तशी उघडली
आणि चौथ्या ओळीवर मिटून ठेवली.
इथे जीमेक म्हणायचं असतं.
एका अक्षरात माझा रविवार गेला.

अण्णा उठले, कानटोपी नीट करत.
'काय करून राहिलीस इतक्या रात्री?'
हे 'करून राहिलीस' पुण्याच्या वहिनीला हसू आणतं.
मी दुरुस्त करत नाही. आमच्याकडे तेच चालतं.

एकतीस वर्षं ते नॅरोगेजच्या शेडमध्ये फिटर.
दोन फुटांचा रूळ, श्योपूरची गाडी,
जौऱ्याच्या पुढे सायकलवाला तिला मागे टाकायचा.
मी सांगितलं, एका रुळावरची गाडी दुसऱ्यावर नेतेय.
ते हसले नाहीत. खुर्ची ओढून बसले.
'चाकं बदलशील?'
'चाकं नाही. गाडीला विचारायला शिकवायचं,
खाली रूळ कुठला आहे.'
'गाडी विचारते?'
'विचारत नव्हती. तेच तर लिहितेय.'

मग त्यांनी शाकिर मिस्त्रीचं सांगितलं:
बाहेरून इंजिन आलं, नट सगळे इंचाचे,
आमचे पाने मिलिमीटरचे.
शाकिरनं पान्याच्या जबड्यात दाढीचं ब्लेड सरकवलं
आणि तीन वर्षं काढली.
'शिम,' मी म्हटलं.
'शिमच,' ते म्हणाले, आणि माझ्याकडे असं पाहिलं
जणू मी आत्ताच नोकरीला लागले.

परवा मूळ लोकांना अकरा ओळींचा पॅच पाठवला होता.
उत्तर आलं: तुमच्या त्या सिस्टिमवर हे वापरणारे किती?
मी खरं लिहिलं. मला ठाऊक असलेले चार.
त्यानंतर तिकडून काही नाही.
श्योपूरच्या गाडीत शेवटी माणसं किती असायची
हे अण्णांना विचारावं, तर ते छपरावरची धरून सांगतात.

आता सेड उरला होता.
इथला सेड जागच्या जागी बदल करण्याआधी अडतो:
जुनी प्रत ठेवायची? शेपटाला नाव काय?
नको असेल तर नको असं द्यावं लागतं,
दोन अवतरणचिन्हं, मध्ये काही नाही.
लिनक्सचा विचारत नाही. पुसतो, लिहितो, पुढे जातो.
सदुसष्ट ठिकाणी मी ती रिकामी चिन्हं लावत होते.

'मध्ये काहीच नाही लिहिलंस?'
'म्हणजे जुनं ठेवू नका.'

अण्णा त्या दोन चिन्हांकडे बघत राहिले.
घोसीपुऱ्याकडचे रूळ उखडले त्या दिवशी
ते डबा घेऊन गेले होते, रिटायर असूनही,
आणि डबा न उघडता परत आणला होता.

'एका तरी जागी नाव टाक,' म्हणाले.
टाकलं. एका फाइलीला.
टिंब, दोनफुटी.

पहाटे चारशे बारा चाचण्यांपैकी चारशे तीन पास.
उरलेल्या नऊतली एक
त्या जादा फाइलीमुळेच पडतेय, मला दिसतंय.
अण्णा खुर्चीतच झोपलेत.
उद्या बघीन.