गेल्या दोन आठवड्यांत

वुच शहरात, हाडांच्या दवाखान्यात,
नोव्हेंबरच्या एका ओल्या मंगळवारी
बोगुमिवाबाईंच्या हातात एक कागद आला.
वर छापलेलं: गेल्या दोन आठवड्यांत.
खाली ओळीनं प्रश्न, प्रत्येकापुढं चार चौकटी,
कधीच नाही, कधी कधी, बऱ्याचदा, जवळजवळ रोज.
पेन दोरीनं टेबलाला बांधलेलं.
दोरी आखूड. वाकावं लागतं.
आणि वाकणं, तेच तर.

एक्स-रे तिनं पाहिलाय.
डॉक्टरीणबाईंनी पेन्सिलीचं टोक टेकवलं होतं,
इथं फट हवी होती. फट नाही.

आपण याला उखळीचा सांधा म्हणतो,
आणि उखळात डोकं घातल्यावर
मुसळाला भिऊ नये, असंही म्हणतो.
पण हे डोकं बहात्तर वर्षं उखळातच आहे,
त्यातली एकतीस सूतगिरणीत,
दोन मागांच्या मधे, उभ्यानं.
तेव्हा नव्हती भीती.

आता रात्री सव्वातीनला जाग येते.
पलंगापासून संडासापर्यंत अकरा पावलं,
पूर्वी सात होती.
ती पडल्या पडल्या मोजते,
मोजून परत येते, पुन्हा मोजते,
जागची न हलता.
चौथा मजला, लिफ्ट नाही.
गॅस बंद केला का?
आग लागली तर?
पडले, आणि कुणाला कळलंच नाही तर?

सकाळी उजव्या पायाचा मोजा.
लाकडी उलथन्याच्या टोकाला अडकवून
तो पायापर्यंत न्यायचा.
एकदा जमलं नाही तेव्हा ती मोज्यावर ओरडली,
मग मोज्याची माफी मागितली,
मग दिवसभर एकाच पायात मोजा घालून
खिडकीशी बसून राहिली.

नेहमीच्या गोष्टींत रस वाटत नाही?
शहराबाहेर तिचा बागेचा तुकडा आहे,
गूजबेरीची चार झुडपं, एक पत्र्याची खोली.
जुलैत किल्ली शेजारणीकडे दिली.
शेजारणीनं बादली भरून फळं आणली,
ती तोंडभर आभार मानून बादलीकडे पाठ करून बसली.
आठवड्यानं वास यायला लागला.
कधीच नाही. खूण.

मन उदास असतं?
एक तारखेला सगळं शहर दफनभूमीत जातं
काचेचे दिवे घेऊन, शेवंतीच्या कुंड्या घेऊन.
झेनोनच्या दगडावरची पानं
ती दरवर्षी गुडघे टेकून पुसायची.
यंदा काठीवर उभी राहिली,
दिवा हातात, दगड खाली,
मधे तिचा स्वतःचा पाय, न मुडपणारा.
कुणाचा तरी मुलगा आला,
आजी, द्या, म्हणाला,
दिवा घेतला, पेटवला, ठेवला
शेजारच्या कबरीवर. आणि पळाला.
तिची जीभ उचलेना.
कुणी अनोळखी माणूस उजेडात,
झेनोन अंधारात,
आणि ती दोघांच्या मधे, हात लावता न येणारी.
ट्रॅममध्ये ती रडली नाही.
रडायला आधी बसायला जागा लागते.

कधीच नाही. खूण.
कधीच नाही. कधीच नाही.
हात चालता होता, तेवढाच.

नर्स आली, मालविना नावाची, झालं का म्हणाली.
ऑपरेशनचा नंबर दीड वर्षानं, मार्चात,
तोवर वजन आटोक्यात ठेवा, मन प्रसन्न ठेवा.
बोगुमिवानं कागद पुढं केला.
मग मागं घेतला.
खोडरबर आहे?
पेनाचं खोडता येत नाही, आजी. बाजूला लिहा.

कोऱ्या काठावर तिनं लिहिलं,
गिरणीत पाळीची नोंद करायची तशा ठसठशीत अक्षरांत:
दिवा चुकीच्या दगडावर राहिला.

मालविनानं वाचलं, पुन्हा वाचलं.
याचे गुण कुठल्या रकान्यात धरायचे
ते कुठंच दिलेलं नव्हतं.
बसा ना, म्हणाली. कुणाचा दिवा?

ही खुर्ची बुटकी आहे, बोगुमिवा म्हणाली,
हिच्यातून मला उठता येत नाही.

मग तुम्ही उभ्या राहा, मालविना म्हणाली,
आणि स्वतः त्या बुटक्या खुर्चीत बसली.