करटी

नफिसा सोलकर मॅडम रुजू झाल्या
त्या दिवशीच पहिली मागणी माझ्याकडे आली :
करटी हव्यात. पोतंभर.
मी प्रयोगशाळेचा परिचर, एकवीस वर्षं परीक्षानळ्या धुतोय.
ॲसिड मागतात, बेडूक मागतात,
करटी आजवर कोणी मागितली नव्हती.
शिरोड्याचा खानावळवाला म्हणाला,
"तुका दिलंय तर मगे मी पाणी कशार तापवू?"

करटी फोडायची, कुटायची, वस्त्रगाळ करायची,
मग नळीच्या भट्टीत सारायची. तिथे हवेला मज्जाव,
फक्त आरगॉन, कोणाच्या अध्यात ना मध्यात असा वायू.
बाराशे अंशांवर चढायला चार तास लागतात,
आणि सलग चार तास वीज
आमच्याकडे असलीच तर चतुर्थीत असते.
तीनदा भट्टी अर्ध्यात विझली.
वीज साठवायची वस्तू करताना वीजच गेली
म्हणून मॅडम हसल्या.
मी हसलो नाही. सिलिंडरच्या टेम्पोशी भाड्यावरून
मलाच भांडावं लागतं.

उरतं ते काळं.
चुलीतल्या कोळशाशेजारी ठेवलं तर मी ओळखणार नाही.
चिमूटभर कुपीतून गोव्याला गेलं, फोटो होऊन परत आलं.
नॅनोमीटर म्हणजे किती हो, मी विचारलं.
मॅडमनी सुंभातला एक तंतू उपसून उजेडात धरला :
याचे उभे दोन लाख भाग करा, सातार्डेकर. त्यातला एक.
माझी बायको सुंभ वळते, नजर घारीची,
तिलाही जमलं नसतं.

फोटोत कार्बनचे पत्रे होते, आखूड, वाकडेतिकडे,
हरणाऱ्यानं पत्त्यांचा डाव उधळून द्यावा तसे.
पेन्सिलीतला कार्बन म्हणे शिस्तीचा, थरावर थर.
तिथे लिथियम शिरतं,
सोडियमचा काही जम बसत नाही.
इथे भेगा आहेत, पोकळ्या आहेत,
या, टेका, निघा.
खोबरं राखायला माडानं जे घट्ट विणलं होतं
त्यातलं पाणी भट्टीनं नेलं, धूर नेला,
जागा तेवढ्या ठेवल्या.

मीठ लाडू आरोसकराच्या आगरातलं.
त्यातून सोडियम काढला, धुतला, गाळला, पुन्हा धुतला.
पण सोडियमचं आणि आमच्या हवेचं वैर.
इथे पापडसुद्धा डब्यात मऊ पडतो.
काचेच्या बंद पेटीत, भिंतीला जोडलेल्या हातमोज्यांत हात घालून
मॅडम बटणाएवढे सेल बांधायच्या,
आणि तिसऱ्या दिवशी सेल मरायचा.
तीस मेले.
मॅडम चुकलेलं सूत्र शोधत रात्री जागल्या.
माझा मेव्हणा पंक्चर काढतो. मी साबणाचा फेस केला,
हातमोज्यांना बाहेरून लावला,
आणि डाव्या करंगळीच्या बेचक्यात
एक बुडबुडा आला, फुगला, फुटला.

एकतिसावा सेल भरतो आणि रिकामा होतो,
भरतो आणि रिकामा होतो,
चारशे बारा वेळा.
मॅडम म्हणाल्या, हजाराआधी कोणाला सांगू नका.
मी फक्त लाडूला सांगितलं.

मिठागराच्या मांगरात संध्याकाळी
मॅडमनी त्याच्या तळहातावर सेल ठेवला, त्यावर लाल दिवा,
हरभऱ्याएवढा.
मिठानं चिरलेल्या बोटांत तो उजेड अडकून बसला.
लाडू वाकून बघत राहिला.
"ह्येच्यार बांगडो भाजतलो?"
नाही, मॅडम म्हणाल्या, अजून नाही.
तो मग बराच वेळ गप्प होता.
"मीठ आमचा, करटी आमची,
मगे वीज कोणाची?"
मॅडमनी वही काढली,
काही न लिहिता पर्समध्ये परत ठेवली.

सकाळी प्रयोगशाळा उघडली तेव्हा आकडा चारशे चौदा होता
आणि दाराशी एक पोतं, न मागता आलेलं.
आत हात घातला.
करटी. ओल्या.
उन्हात घालाव्या लागतील.