अळणी

रात्री पावणेदोनला नळी आली.
चिकटपट्टीवर नाव : सटवाजी लोखंडे, वय एकाहत्तर.
मशीननं सोडियम दिलं एकशे बारा.
मशीनवर माझा विश्वास नाही, मे महिन्यात तर नाहीच;
परभणीच्या उन्हाळ्यात तेही भंजाळतं.
पुन्हा लावलं.
एकशे बारा.

चपला न बदलताच वॉर्डात गेले.
खाटेवर म्हातारा दोन्ही हातांनी
हवेत काहीतरी वरखाली करत होता.
"हापसा हाय तो," सून म्हणाली.
"जिल्हा परिषदेत होते. बत्तीस वर्षं हातपंप दुरुस्त केले.
घोटभर पाणी जिभेवर धरून गाव सांगायचे,
कुठलं मचूळ, कुठल्या पाण्यात डाळ शिजत न्हाई."
मग पदर तोंडाला लावून :
"बीपी हाय, मीठ तोडा म्हणले होते.
मी तोडलं. वरणात न्हाई, भाकरीत न्हाई,
लोणच्याची बरणी माळ्यावर टाकली.
वर लघवीची गोळी चालूच.
आन् ऊन लागू नये म्हणून
तांब्यावर तांब्या पाणी पाजलं.
माझं काय चुकलं?"

मी मिठाची गुळणी धरून उभी.
कसं सांगावं, पाणीसुद्धा पेशीत शिरून फुगवतं,
आणि कवटीला फुगायला जागा नसते.

डॉक्टर निखत थेंब मोजत होत्या.
"चोवीस तासांत आठ. वर एकही नको."
"एवढंच?" सून म्हणाली,
"पिशवीभर घाला की. मीठ तर स्वस्त असतंय."
पण मेंदूनं टंचाईशी जुळवून घेतलेलं असतं.
एकदम मीठ आलं तर आक्रसतो,
तारांवरचं वेष्टण सोलून निघतं.
लांब उपाशी राहिलेल्याला
कुणी पहिल्याच दिवशी पंगतीत बसवत नाही.

दर चार तासांनी नळी.
एकशे चौदा.
एकशे सोळाला त्यानं मला बारा नंबरचा पाना मागितला.
एकशे एकोणीसला सुनेला ओळखलं,
हाक मात्र बहिणीच्या नावानं मारली.
एकशे पंचवीसला स्वतःचे हात पाहून लाजला,
चादरीखाली घेतले.
आमची आई परीक्षेच्या दिवशी
मीठमोहरी उतरून चुलीत टाकायची.
तडतड ऐकू आली की म्हणायची, गेली दृष्ट.
कितीतरी वर्षांनी ते आठवलं, सेंट्रिफ्यूज थांबायची वाट पाहताना.

चौथ्या दिवशी एकशे बत्तीस.
ठरवून दिलेलं अर्धा पेला पाणी
तो जिभेवर धरून बसला, बराच वेळ.
"नळाचं न्हाई हे. टँकरचं.
शेवंतवाडीची बोअर. दांडा आखूड बसलाय तिचा,
मीच बसवलेला."
"खरं असंल का हो?" सुनेनं मला विचारलं.
आमच्याकडं पाण्याची तपासणी होत नाही.
मी रजिस्टरात आकडा लिहिला, वेळ लिहिली.

घरी न्यायच्या कागदावर लिहिलं होतं :
पाणी मोजून, मीठ चिमूटभर.
तिनं तो दोनदा वाचून घेतला,
मग हात पुढं केला, बोटं जुळवून :
चिमूट दोन बोटांची, का तीन?