वाक्यात उपयोग करा

जेल रोडला दोन खोल्या, पुढची शिकवणीची.
साडेसहाची बॅच.
सानपांचा तेजोमय विचारतो,
मॅडम, मिसट्रस्ट आणि डिसट्रस्ट, फरक काय?
फळ्यावर दोन्ही लिहिते. खडू मोडतो.
मिसट्रस्ट म्हणजे आतून टोचत राहतं नुसतं,
पुरावा मागू नये.
डिसट्रस्टला बहुधा कारण असतं.
बहुधा हे मी मुद्दाम म्हणते,
कोशही इथे फारसे ठाम नाहीत.
मराठीत दोन्हींना अविश्वास,
पातळ केला तर संशय.

वाक्यात उपयोग करा.
तेजोमय लिहितो, आई दूधवाल्याला डिसट्रस्ट करते.
का रे?
पाणी सापडलं, दोनदा.
बरोबर.
उर्वी विचारते, भरवशाच्या म्हशीला कुठला लावायचा?
टोणगा होण्याआधी की नंतर, मी म्हणते,
आणि वर्ग हसत सुटतो.

पडद्याआड दादा खोकतात.
एकतीस वर्षं प्रेसमध्ये, नोटांच्या खात्यात.
सुटीचा भोंगा, गेटवर रांग,
हात वर, चपला काढा, डबा उघडा.
तपासणारा गायधनी आमच्या वास्तुशांतीला जेवून गेलेला,
काखेतून हात फिरवताना विचारायचा,
पोरगी कितवीत गेली?

घरी आल्यावर दादा डबा उघडून
आईसमोर उपडा धरायचे.
अहो, मला कशाला दाखवताय?
तेव्हा कुठे त्यांच्या लक्षात यायचं.

परवा देवळाली कॅम्पात शिंप्याकडे नेलं,
भाचीच्या लग्नाचा सदरा.
टेप निघण्याआधीच
दोन्ही हात वर, पाय जरा फाकलेले,
नजर समोरच्या भिंतीच्याही पलीकडे.
शिंपी खूश. असं गिऱ्हाईक पाहिजे, म्हणाला.

याला कुठला शब्द?
कारण नव्हतं. टोचणीही नव्हती.
नियम होता, आणि नियमाला
मिस नाही, डिस नाही.
तिकडे गंगेवर बुधवारच्या बाजारात
त्याच कागदावर भरवसा टाकून
लोक मेथीची जुडी उचलत होते.

मॅडम, पुढचा शब्द?
उद्या.
तेजोमय जाताना फी देतो, पाचशेची नोट.
मी ती ट्यूबलाइटसमोर धरते,
तार शोधते.
आतून, न बघता,
नुसत्या कुरकुरीवरून दादा म्हणतात,
खरी आहे गं.

तरी मी पालथी करून
पुन्हा एकदा बघते.
पोरगा दारात चपलेत पाय घालता घालता
थांबलेला.