एक लाल कमी

एप्रिलमध्ये शाळेचं सभागृह असं तापतं
की पत्र्यावर पाखरू टेकत नाही.
मी पहाटेच कर्णे बांधतो खांबांना,
माइकमध्ये फुंकर मारतो: नुंग, सोंग, साम.
सुवन्नाफूम तालुक्याची सैन्यभरती,
गेली अठरा वर्षं आवाज माझाच.
म्हणजे, कर्णे माझे. बोलतो सुभेदार.

पोरं उघडी, दंडावर शाईनं नंबर.
छाती मोजतात, उंची मोजतात.
एकीचे केस कमरेपर्यंत. तिला खुर्ची देतात,
डॉक्टरचा कागद हळू आवाजात वाचतात;
तेवढ्यापुरता माइक मी बंद ठेवतो.
कुंपणाबाहेर आया, तिखटमिठात बुडवलेली कैरी,
मुठीत ताईत. एकीच्या मुठीत
आजोबांचा दात.

नियम सोपा आहे. फळ्यावर आकडा: इतके हवेत.
जो आपणहून उठेल त्याची मुदत कमी,
आणि पेटीतली एक लाल चिठ्ठी कमी.
मग उरलेल्यांनी हात घालायचा.
काळी निघाली, घरी जा.
लाल निघाली, दोन वर्षं.

माझ्या वर्षी फळ्यावर दहा उरला होता.
ओट माझ्या शेजारी उकिडवा, पाठभर घामोळं.
एकाच मोटारसायकलवर आलो होतो आम्ही,
पेट्रोल माझं.
सुभेदारानं शेवटचं विचारलं, आणखी कोणी?
ओट उठला.
मला वाटलं, लघवीला जात असेल.
मास्तरांनी बाहीनं दहा पुसला,
नऊ काढला, शेपटी जरा लांब.

माझी काळी निघाली.
आई तरीही चक्कर येऊन पडली,
तिची चक्कर आधीच ठरलेली होती.
जीव भांड्यात पडला म्हणतात.
माझाही पडला,
पण भांडं कोणाचं होतं?

ओट कोराटच्या छावणीत गेला.
मेजरच्या कोंबड्यांना दाणे टाकले,
मेजरीणबाईंची गाडी पुसली,
बंदूक मोजून सात वेळा झाडली.
सुटीवर आला तर गाल वर आलेले.
मी विचारलंच.
तुझ्यासाठी? वेडा का तू?
घरी बापाचं तोंड बघून विटलो होतो,
आणि तिथं पगार होता, म्हणाला.
बियरचे पैसे मलाच द्यायला लावले.
खरंही असेल.
आजही विचारलं की तेच सांगतो,
दर वेळी जरा जास्तच पटकन.

मी हिशेबही करून पाहिलाय,
भाच्याच्या वहीच्या मागच्या पानावर.
छप्पन्न चिठ्ठ्या, लाल दहाऐवजी नऊ:
फरक नखाएवढा निघाला.
पण चिठ्ठी टक्क्यांत निघत नाही,
अख्खी निघते.
त्याची पाव, माझी पाऊण, असं काही नसतं.

यंदा फळ्यावर बारा.
आणखी कोणी? सुभेदार विचारतो,
आणि शांतता घुमते. माझे कर्णे
तिलाही मोठं करतात.
मागच्या रांगेत एक जण उठतो, गुडघे झटकतो.
शेजारचा मान वर करून बघतो त्याच्याकडे,
मग बूड सरकवून
त्याची सावलीतली जागा घेतो.
मास्तर नवे आहेत, अकरा काढताना खडू मोडतो.
वायर सैल झाली असेल म्हणून
मी खाली वाकतो,
आणि जरा वेळ तसाच राहतो.